हायडनच्या करारातलं चौथं कलम

अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतावर लिहायचं म्हटलं की सोनाटा, सिंफनी, रोंडो यांची यादी पुढे येते. माझं मन मात्र बरीच वर्षं एका नोकरीच्या करारात अडकलंय. १ मे १७६१, व्हिएन्ना. मालक प्रिन्स पाउल आन्टोन एस्टरहाझी. नोकर २९ वर्षांचा योझेफ हायडन, दुय्यम संगीतप्रमुख, पगार सालीना ४०० गुल्डन. गणवेश सक्तीचा, मोजे पांढरे, केसांना पावडर. दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर उभं राहून विचारायचं, आज संगीताचा हुकूम आहे का? ग्यानबाची मेख चौथ्या कलमात आहे. जे लिहाल ते प्रिन्सचं. नक्कल द्यायची नाही, परवानगीविना दुसऱ्यासाठी लिहायचं नाही.

पुढचा प्रिन्स निकोलाउस बॅरिटोन हे आडवळणाचं तंतुवाद्य वाजवी. त्याच्या हौसेपायी हायडनने सव्वाशेच्या आसपास त्रिकुटं लिहिली. तरी १७६५ मध्ये, आणखी नेटाने लिहा, विशेषतः बॅरिटोनसाठी, अशी लेखी तंबी मिळालीच!

त्या चौथ्या कलमाला गळती होतीच. पॅरिसमध्ये १७६४ पासून हायडनच्या रचना छापल्या जात होत्या. पण १ जानेवारी १७७९ च्या नव्या करारातून ही बंदी गेली आणि हायडन उजळ माथ्याने बाजारात उतरला. व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाशी व्यवहार सुरू झाला.

डिसेंबर १७८१ मध्ये त्याने धनिक रसिकांना पत्रं धाडली: सहा नवे क्वार्टेट (चार तंतुवाद्यांच्या रचना), हस्तलिखित प्रत, किंमत सहा डुकाट, रचना अगदी नव्या, खास पद्धतीची. तेवढ्यात आर्तारियाने छापील आवृत्तीची जाहिरात देऊन टाकली. आधी पैसे मोजणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? जानेवारीत हायडनने प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचा संताप खरा होता; पण पुढे त्यानेच एकच माल व्हिएन्नात आर्तारियाला आणि लंडनमध्ये फोर्स्टर या प्रकाशकाला विकला. ‘पापा हायडन’ ही भोळ्या म्हाताऱ्याची प्रतिमा मला कधीच पटलेली नाही.

ती ‘नवी पद्धत’ म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १७७२ च्या ओपस २० मधल्या सहांपैकी तीन क्वार्टेटांचा शेवट फ्यूगने होतो, म्हणजे एकच धून वाद्यं एकामागून एक उचलत जातात अशा जुन्या, काटेकोर बांधणीने. १७८१ च्या या सहा क्वार्टेटांत, म्हणजे ओपस ३३ मध्ये, एकही फ्यूग नाही. मिन्युएट या नृत्यप्रकाराच्या जागी खेळकर स्केर्झो आले, शेवटाला बहुतेक ठिकाणी रोंडो (मूळ धून फिरून परत येते अशी रचना) किंवा व्हेरिएशन्स. मुख्य धुनेतला एखादा तुकडा चारही वाद्यं एकमेकांकडून उचलतात, साथ करणारं वाद्य पुढच्याच क्षणी बोलू लागतं. दुसऱ्या क्वार्टेटच्या अखेरीस धून तुटत, थांबत येते. संपलं वाटतं, तर पुन्हा सुरू होते. रोंडो कुठे संपावा हे ज्याच्या कानात बसलंय, त्यालाच ही थट्टा कळणार. असे कान आता घरोघरी क्वार्टेट वाजवणाऱ्या हौशी मंडळींत होते, आणि हायडनचं गिऱ्हाईकही तेच होतं. प्रतिभा त्याच्याकडे १७६१ मध्येही होती. चौथं कलम गेलं, तेव्हा तिला हे गिऱ्हाईक राजरोस गाठता आलं.