सात सह्यांची जबाबदारी

गावात वाचनालय काढावे, वसतिगृह उघडावे, मागे पडलेल्या मुलांसाठी सायंवर्ग चालवावेत, असे चार समानशील माणसांच्या मनात आले की प्रथम चर्चा होते ती पैशाची आणि जागेची. नोंदणीचा प्रश्न निघतो तो अगदी शेवटी. आणि निघाला तरी तो एखाद्या जाणत्या कारकुनाच्या किंवा कचेरीबाहेरील टंकलेखकाच्या हवाली करून मंडळी मोकळी होतात. दुसऱ्या कोणत्या तरी संस्थेची घटना आणावयाची, तिच्यातील नाव बदलावयाचे, सात जणांच्या सह्या घ्यावयाच्या आणि प्रमाणपत्राची वाट पाहावयाची! संस्थेच्या पुढील आयुष्यातील अनेक कलहांचे बीज या घाईतच पेरले जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सात हा आकडा कायद्याने ठरविलेला आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या किमान सात व्यक्तींनी विधानपत्रावर सह्या करून ते नियमावलीसह निबंधकाकडे दाखल करावयाचे असते. विधानपत्रात संस्थेचे नाव, तिची उद्दिष्टे आणि कारभार पाहणाऱ्यांची नावे, पत्ते व व्यवसाय द्यावे लागतात. महाराष्ट्रात मात्र एवढ्यावर भागत नाही. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, ज्याच्या नावात पूर्वीच्या ‘मुंबई’ऐवजी आता ‘महाराष्ट्र’ आले आहे, धर्मादाय हेतूच्या अशा संस्थेलाही सार्वजनिक न्यास मानतो. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दुसरी नोंदणी करावी लागते. देणगीदारांना करात सवलत मिळावी असे वाटत असेल, तर आयकर खात्याचे दार वेगळे ठोठवावे लागते, आणि तेथील मान्यताही आता कायमची राहिलेली नसून मुदतीनंतर नवी करून घ्यावी लागते.

समाजसेवेला एवढे कागद कशासाठी, असा प्रश्न सज्जन माणसे त्राग्याने विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. संस्थेची मालमत्ता कोणा एकाची नसते. ती वर्गणीदाराची असते, देणगीदाराची असते आणि ज्यांच्यासाठी संस्था निघाली त्यांची तर सर्वाधिक असते. म्हणूनच संस्था विसर्जित झाली तरी उरलेली शिल्लक सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते. न्यासाची स्थावर मालमत्ता विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्थेचे उद्दिष्ट बदलावयाचे तर तीनपंचमांश मतांनी ठराव व्हावा लागतो, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच बहुमताने तो कायम व्हावा लागतो. तात्पर्य, विधानपत्रावर सही करणारा माणूस काही मिळवीत नसतो. तो एका हक्कावर पाणी सोडीत असतो. ‘माझी संस्था’ म्हणण्याचा हक्क त्या सहीबरोबर संपतो, हे ध्यानात न आल्यामुळेच पुढे संस्थापकांचे संस्थानिक होतात.

आपल्या पूर्वसूरींना याची जाण होती. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदाला किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे त्याला कागदावर दाखवावे लागे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांनी वेतनापलीकडे बाहेरून मिळकत करावी की नाही, यावरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळक तिच्यातून बाहेर पडले. एवढ्या थोर माणसांतही नियमांच्या अर्थावरून फाटाफूट होऊ शकते, तर तुमच्याआमच्या संस्थांची काय कथा! पण ती संस्था व्यक्तींच्या जाण्याने बुडाली नाही, हेही तितकेच खरे. व्यक्तींपलीकडे टिकेल असा घाट तिला लाभलेला होता.

आजच्या संस्थांचे दुखणे कोठे आहे? ते बहुधा सभासदांच्या नोंदवहीत सापडते. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा अधिक थकली तर त्या सभासदाला मत देता येत नाही, असे १८६० चा कायदा सांगतो. पण पावतीपुस्तक एकाच्या घरी, नोंदवही दुसऱ्याच्या घरी आणि इतिवृत्त कोणाच्याच घरी नाही, अशी अवस्था असली की मतदार कोण, हेच ठरत नाही. निवडणुकीनंतर विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दोन गट दोन अर्ज देतात आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळतो. अशी संस्था शाळा चालवीत असेल तर त्याची झळ शिक्षकांना बसते. नेमणुकीच्या पत्रावर कोणाची सही ग्राह्य, मुख्याध्यापक कोणी नेमावयाचा, याचा निर्णय होईपर्यंत ज्याचा वादाशी काडीचाही संबंध नाही, तो टांगणीला लागतो.

यात शासनाचीही जबाबदारी आहे. सोप्या मराठीत नमुना नियमावली, तिच्यातील प्रत्येक नियमाचा हेतू सांगणारे टिपण, आणि बदल अर्जांचा वेळेवर निकाल, एवढे जरी झाले तरी नव्या कार्यकर्त्यांचे निम्मे कष्ट वाचतील. अर्ज संगणकावर स्वीकारला म्हणजे तो लवकर निकालात निघतो, असे नव्हे.

तथापि मुख्य जबाबदारी सही करणाऱ्यांचीच. या स्तंभाच्या वाचकांत शिक्षक आहेत, कारकून आहेत. गावात संस्था निघाली की चिटणीसपद त्यांच्याच गळ्यात पडते, कारण त्यांचे अक्षर चांगले असते आणि हिशेब चोख असतो. त्यांनी एवढा आग्रह अवश्य धरावा, की उसनी घटना घ्यावयाची नाही. सभासद कोणाला करावयाचे, कोणत्या कारणासाठी काढावयाचे, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावयाची, गणसंख्या किती, एकच माणूस किती काळ अध्यक्ष राहील, हे प्रश्न सात जणांनी एकत्र बसून, मोठ्याने वाचून सोडवावेत. त्या वेळी सगळे एकमेकांचे स्नेही असतात. नियम करण्याची तीच खरी वेळ. भांडण सुरू झाल्यावर नियम करता येत नाहीत. तेव्हा फक्त ते शोधता येतात, आणि ते सापडतातच असे नाही.