आठ हेक्टरांचे मोंराशे

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवारांत विभागलेला, जेमतेम आठ हेक्टरांचा जो चुनखडीचा उतार आहे, त्याच्यावर पिकणाऱ्या शार्दोने द्राक्षांच्या मद्यासच ‘मोंराशे’ हे नाव धारण करण्याचा अधिकार १९३७ साली कायद्याने मुक्रर झाला. बांधापलीकडे तीच वेल लावली, तरी तिच्या मद्यास नुसते मोंराशे म्हणविता येत नाही. वारसांत समान वाटणी करणाऱ्या फ्रेंच कायद्यामुळे या प्रांतातील मळ्यांचे तुकडे पडत गेले, आणि येथेही अनेक खातेदार नांदतात. ज्याचा हिस्सा, त्याची तोडणी आणि त्याचीच बाटली.

सकाळचे ऊन घेणारा, पाण्याचा निचरा करणारा हा उतार वेलीस फार सुखावू देत नाही, आणि हिवाळ्यातील कठोर छाटणीने पीक मुद्दाम बेताचे राखले जाते, म्हणूनच अल्प घडांत रस सांद्र होतो. हाताने तोडलेली द्राक्षे हळुवार दाबून निघालेला रस २२८ लिटरांच्या ओक पिंपांत आंबतो; पुढे जिवाणूंच्या क्रियेने त्यातील तीक्ष्ण मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात परिणत होते, आणि तळाशी बसलेल्या किण्वाच्या गाळाच्या दीर्घ सहवासाने मद्यास स्निग्धता येते. नव्या लाकडाचा गंध मर्यादेपलीकडे गेला, तर भूमीचा स्वभावच झाकोळतो. त्यामुळे पिंपांची निवड मला तोडणीच्या मुहूर्ताइतकीच जोखमीची वाटते. अशा एका पिंपातून सुमारे तीनशे बाटल्या भरतात.