एकाच साखरेच्या तीन ओळखी

वसमतची हळद अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. हिंगोली जिल्ह्यातील आपण वैद्य प्रमेहात हरिद्रा व आमलकी यांचा योग नित्य योजतो आणि गुण येतो असे रुग्णास सांगतो. मात्र तोच गुण आकड्यांनी सिद्ध करण्याची वेळ आली की आपली खरी परीक्षा होते.

एका शोधनिबंधासाठी मी स्वतःच्या दवाखान्यातील जुनी रुग्णपत्रके काढली. एका पत्रकावर चिकित्सेपूर्वी ‘साखर २१०’ व तीन महिन्यांनंतर ‘साखर १४८’ अशी नोंद होती. प्रथम समाधान वाटले. परंतु पहिली तपासणी भोजनोत्तर होती की उपाशीपोटी? नमुना शिरेतील रक्ताचा होता की बोटाच्या टोकाचा? माझेच हस्ताक्षर मला उत्तर देईना. निम्मी पत्रके बाजूला ठेवावी लागली. दोष औषधाचा नव्हता, प्रयोगशाळेचाही नव्हता. तो नोंदीचा, म्हणजेच माझा होता.

या अडचणीवर ‘लॉइंक’ ही संकेतांक पद्धती उपाय सुचविते. अमेरिकेतील रेगेनस्ट्रिफ संस्थेने १९९४ मध्ये तिचा आरंभ केला. ती विनामूल्य उपलब्ध आहे. काय मोजले, कोणत्या प्रकारे मोजले, एका वेळी की ठरावीक कालावधीत, कोणत्या नमुन्यात, कोणत्या श्रेणीत आणि आवश्यक तेथे कोणत्या पद्धतीने, या सहा अंगांवरून प्रत्येक तपासणीस स्वतंत्र क्रमांक मिळतो. उपाशीपोटीच्या रक्तद्रवातील साखरेचा क्रमांक १५५८-६, भोजनोत्तर दोन तासांच्या साखरेचा १५२१-४ आणि ग्लुकोमीटरवर बोटाच्या रक्तातून मोजलेल्या साखरेचा ४१६५३-७. आपण तिन्हींना ‘शुगर’च म्हणतो!

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ मार्च २०२० नंतर सुरू झालेल्या अभ्यासांच्या नवीन औषध अर्जांतील प्रयोगशाळा-माहितीस हे संकेतांक आवश्यक केले. भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदणी मानकांतही लॉइंकचा समावेश आहे. आपल्या व्याधिनामांसाठी २०१७ पासून ‘नमस्ते’ संकेतस्थळाचे संकेतांक आहेतच. निदानास क्रमांक आणि तपासणीस मात्र नाही, हे अर्धवट होय.

अर्थात संकेतांकाने सदोष तपासणी निर्दोष होत नाही, प्रकृतिपरीक्षणाची जागाही तो घेत नाही. एककही स्वतंत्र लिहावेच लागते; १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ७ मिलिमोल प्रति लिटर, हे केवळ आकड्यावरून कळत नाही. तसेच संकेतांक तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडूनच घ्यावा. मागाहून अंदाजाने लिहिलेला क्रमांक कोऱ्या जागेपेक्षा अधिक घातक ठरतो.

व्यवसायबंधूंना नम्र विनंती अशी, की आजपासून प्रत्येक नोंदीत तपासणीचे पूर्ण नाव, नमुना, भोजनाशी संबंध, एकक, दिनांक व प्रयोगशाळा लिहावी. औषधालयात ग्लुकोमीटरने साखर मोजून देणाऱ्या चालकांनी चिठ्ठीवर तसा स्पष्ट उल्लेख करावा. एवढे झाले, तर प्रयोगशाळेस योग्य संकेतांक देणे सुलभ होईल.

हिंगोलीचा वैद्य, नांदेडचे महाविद्यालय आणि परदेशातील संशोधक यांच्या नोंदी एका कोष्टकात बसल्या, तरच आपला अनुभव प्रमाण म्हणून पुढे ठेवता येईल. अन्यथा पिढ्यान्‌पिढ्यांचा गुण ‘साखर १४८’ या दोन शब्दांत हरवून जाईल.