पिशवी भरेपर्यंत

मुलुंडला आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या पोटात दुखायला लागलं. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली, तर खडा राहिला बाजूला आणि रिपोर्टात आलं की डावं मूत्रपिंड दिसत नाही. वय ४७. घरात जे रामायण व्हायचं ते झालं. तरुणपणी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या आईने एका क्षणात निकाल दिला, "तेव्हाच काढून घेतली मेल्यांनी!" २०१६ साली पवईत किडनीचं रॅकेट पकडलं गेलं, तेव्हा दिवसभर टीव्हीसमोर बसलेल्या म्हातारीला दोष तरी कसा द्यायचा? थोरला भाऊ वकिलाकडे जायला निघाला होता. जांघेतल्या हर्नियाच्या चिरेतून किडनी काढता येत नाही आणि यांच्या कुशीवर तर ओरखडासुद्धा नाही, ही साधी गोष्ट युरॉलॉजिस्टने सांगेपर्यंत घरात कुणालाही सुचली नव्हती. उजवं मूत्रपिंड नेहमीपेक्षा चांगलंच मोठं होतं, दोघांचं काम एकटं करून वाढलेलं. डावं कधी नव्हतंच.

माझ्या डोक्यात तेच राहिलं. इतकी वर्षं हा माणूस धावत लोकल पकडतोय, गणपतीत ढोल वाजवतोय आणि पोटात एक जागा रिकामी आहे हे त्याला माहीत नाही. मग हे कळतं कधी, आणि पहिल्यांदा बघतं कोण? आजकाल बघणारं माणूस म्हणजे पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी करणारी डॉक्टर. घाटकोपर पूर्वेला ओळखीच्या एक बाई हे काम करतात. त्यांना विचारलं. "पेशंट हो म्हणाली तर बसा, फोन बाहेर ठेवा आणि मध्ये बोलू नका," एवढ्या अटींवर त्यांनी परवानगी दिली.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्यात खालच्या फरसाणवाल्याच्या तेलाचा वास, आत शिरलं की एसीचा कोंदट गारवा. भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही ही पाटी, खाली दंड आणि शिक्षा. टेबलावर फॉर्म एफचा गठ्ठा. या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता, राज्याचा कायदा १९८८ चा आणि केंद्राचा १९९४ चा. प्रत्येक गरोदर बाईमागे हा फॉर्म भरायचा, एक रकाना चुकला तरी मशीनला सील लागायची भीती. दवाखान्यातले निम्मे श्रम या कागदाला जातात असं मला वाटलं. तक्रार मात्र कुणी करत नव्हतं.

आतल्या अंधाऱ्या खोलीत दोघीच, मॅडम आणि मावशी. मावशींचं काम म्हणाल तर पेशंटला टेबलावर घेणं, जेली लावणं, पुसायला कागद देणं. त्या जेलीची बाटली गरम पाण्याच्या स्टीलच्या डब्यात उभी ठेवतात आणि पाणी कोमट झालं की केटलीतून बदलतात. "गार जेली पोटावर पडली की पोरी दचकतात. पोट आवळलं की मॅडमला दिसत नाही," त्यांनी सांगितलं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

डोकं, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, जठर, हातपाय हे सगळं मॅडम भराभर उरकतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन करडे लंबगोल, मधे थोडा काळा भाग: ही मूत्रपिंडं. अठरा-वीस आठवड्यांच्या बाळात ती दोन-अडीच सेंटिमीटरची असतात. दिसली, मापली, पुढे.

एक दिवस एका बाजूला तो लंबगोल दिसला नाही. मॅडमचा हात मंदावला. मला ते उशिरा कळलं, मावशींना आधी. त्यांनी दार किलकिलं करून बाहेरच्या मुलीला खूण केली, पुढचा नंबर थांबव. "मॅडमचा हात थांबला की मी नंबर थांबवते," नंतर त्यांनी सांगितलं.

आता शोध सुरू झाला. मूत्रपिंड जागेवर नसलं तरी ते खाली ओटीपोटात राहिलेलं असू शकतं, कारण गर्भात ते तिथेच तयार होतं आणि मग वर सरकतं. कधी ते दुसऱ्या बाजूला जाऊन जोडीदाराला चिकटलेलं असतं. रिकाम्या जागेत आतडं घुसतं आणि मूत्रपिंड असल्याचा भास देतं. त्याहून फसवी अ‍ॅड्रिनल ग्रंथी. ती एरवी मूत्रपिंडाच्या माथ्यावर टेकलेली असते, मूत्रपिंड नसलं की लांबट होऊन आडवी पडते, आणि घाईत बघणारा तिलाच मूत्रपिंड समजून माप टाकून मोकळा होतो. मॅडमनी कलर डॉप्लर लावला. कण्यालगतच्या मोठ्या धमनीतून मूत्रपिंडाकडे दोन फाटे निघायला हवेत. उजवा लाल रेघ होऊन उमटला. डाव्या बाजूला काही नाही.

"हजारात एक," मॅडम म्हणाल्या. एक मूत्रपिंड नसलेली मुलं साधारण हजारात एक, कुठे याहून थोडी कमी सांगतात. डावंच जास्त वेळा नसतं आणि मुलग्यांत हे थोडं अधिक.

बाहेर आल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न, "मेडिक्लेममध्ये लिहून येईल का?" सासूबाईंचा त्याच्याही पुढचा, "ग्रहणात हिने विळी हातात घेतली होती, त्याने तर नाही ना?" मॅडम हसल्या नाहीत. पाळी चुकल्याचं जेमतेम कळतं त्या दिवसांत गर्भातल्या एका नळीला अंकुर फुटतो आणि तो शेजारच्या पेशींच्या गोळ्यापर्यंत पोचावा लागतो. दोघं भेटले तर एकमेकांना वाढवतात आणि मूत्रपिंड होतं, अंकुर पोचला नाही तर होत नाही. विळीचा संबंध नाही. आजींना ते पटलं असं काही वाटलं नाही, पण सुनेच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही, हेही मी पाहिलं.

मग सूचना. जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी, दरवर्षी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं, ऊठसूट पेनकिलर नको. मुलगी झाली तर वयात येताना गर्भाशयाचीही तपासणी, कारण मूत्रपिंड आणि गर्भाशय जवळजवळच्या नळ्यांतून घडतात आणि एक बिघडलं की दुसरंही बिघडलेलं असू शकतं. पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला पोट धरून बसणाऱ्या एखाद्या मुलीच्या दुखण्याचं मूळ इथे निघतं. नवरा बिचारा फोनमध्ये सगळं टिपून घेत होता. मॅडमनी त्याला अंजू बॉबी जॉर्जचं नाव टिपायला सांगितलं. २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीत ब्राँझ मिळवणाऱ्या अंजूने २०२० मध्ये स्वतःच सांगितलं की तिला एकच किडनी आहे.

हजारात एक. परतताना घाटकोपरच्या फलाटावर मी हिशेब करत होतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे दर गाडीत चार-पाच जण असे, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नाही. त्यांच्या जन्माच्या वेळी सोनोग्राफी होती कुठे!

पण मी पुन्हा पुन्हा तिथे गेलो तो या हिशेबासाठी नाही.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एक मुलगी आली होती. पहिलटकरीण, एकोणीस आठवडे, बारा आठवड्यांचा रिपोर्ट उत्तम. मॅडमनी प्रोब ठेवला आणि पडदा गढूळ. गर्भाभोवतीचं पाणी म्हणजे सोनोग्राफीची खिडकी, ते नसलं की सगळं धुरकट होतं. इथेच या कामातली मेख आहे. साधारण सोळा आठवड्यांपर्यंत हे पाणी मुख्यतः आईच्या बाजूने आणि वेष्टनांतून येतं, त्यानंतर ते बहुतेक बाळाची लघवी असते. बाळ ते गिळतं, पुन्हा लघवी करतं. दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या बाळाचा बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट म्हणूनच पाण्याच्या बाबतीत निर्दोष दिसू शकतो. आणि जेव्हा नीट बघायची गरज पडते, नेमकं तेव्हाच बघायला पाणी उरत नाही.

"अंगावरून पाणी जातंय का? कपडे ओले होतात?" नाही. म्हणजे पिशवी फुटलेली नाही.

"बाळाच्या लघवीची पिशवी रिकामी दिसतेय. आत्ताच केली असेल. बाहेर जरा फिरून ये, अर्ध्या तासाने बघू." ही पिशवी साधारण अर्ध्या तासाने भरते, रिती होते. ती भरली तर कुठेतरी एक मूत्रपिंड काम करतंय. म्हणून थांबायचं.

थांबायचं म्हणणं सोपं आहे. बाहेर बाकड्यावर नऊजणी आणि त्यांचे नवरे. एकाने आवाज चढवला, "अपॉइंटमेंट घेऊन आलोय, ऑफिस बुडवून." मावशी शांतपणे म्हणाल्या, "मशीन तापलंय." मशीनला काही झालं नव्हतं. ती मुलगी बाटलीतून घोटघोट पाणी पीत पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होती. आपण पाणी प्यायलो की बाळाचं पाणी वाढेल, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिचा नवरा मागोमाग फाइल घेऊन.

ही उपनगरं अर्धा तास थांबू देत नाहीत. भाडं, हप्ते, खालून येणारी गर्दी, आणि "बाळाचा चेहरा पाहा" म्हणून फोरडीची जाहिरात करणारे शेजारी. दहा मिनिटांत एक स्कॅन उरकणाऱ्या जागा मी पाहिल्यात. तिथे 'पाणी कमी, फेरतपासणी करावी' एवढं लिहून बाईला वाटेला लावतात, आणि ती फेरतपासणी दोन-तीन आठवड्यांनी होते. पूर्वी या दोन-तीन आठवड्यांत कायद्याचं दार बंद व्हायचं. १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मुदत वीस आठवडे होती. २००८ साली भाईंदरचं एक दांपत्य बाळाच्या हृदयातल्या दोषासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेलं, चोविसाव्या आठवड्यात. त्यांच्याबरोबर मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार याचिकाकर्ते होते. न्यायालयाने नाही म्हटलं. कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आता काही ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवडे, आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यानंतरही. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं.

अर्ध्या तासाने मुलगी पुन्हा टेबलावर. मावशींनी पाणी बदललं होतं, बाटली गरम होती. मॅडमनी बेंबीखालून पाहिलं, मग डावीकडे वळवून, मग उजवीकडे. बाळाच्या ओटीपोटात नाभीच्या दोन धमन्या जिथे वेगळ्या होतात, तिथे मधोमध काळा ठिपका हवा. नव्हता. आणखी वीस मिनिटं. नव्हता. डॉप्लरवर मोठी धमनी सरळ खाली गेलेली, दोन्ही बाजूंना फाटा नाही. दोन्ही अ‍ॅड्रिनल आडव्या.

"पुढे काय होतं?" मुलीनेच विचारलं. पाण्याशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत, हे मॅडमनी तिला सांगितलं. जन्मलं तर बाळ श्वासासाठी धडपडतं आणि काही तासांत जातं. शिकागोच्या एडिथ पॉटर या बाईंनी १९४६ मध्ये अशा वीस बाळांचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हापासून डॉक्टर ही अवस्था त्यांच्या नावाने ओळखतात. हे प्रमाण तीन ते पाच हजारांत एक. मघाचा हजारात एक इथे काही कामाचा नाही. मॅडमनी रिपोर्ट दिला नाही, फीटल मेडिसिनवाल्या तज्ज्ञाकडे त्याच दुपारची वेळ घेऊन दिली. एकटीच्या डोळ्यांवर हे सोडायचं नाही, हा त्यांचा नियम.

तिथेही तेच निघालं. काही दिवसांनी ती दोघं कागद न्यायला परत आली. नवऱ्याने फोन पुढे केला. "मॅडम, अमेरिकेत वाचलंय एक."

वाचलंय, खरं आहे. तिथल्या तेव्हाच्या संसद सदस्य जेमी हेरेरा ब्यूटलर यांची मुलगी २०१३ मध्ये दोन्ही मूत्रपिंडांशिवाय जन्मली. गर्भाशयात सुईने वारंवार सलाइन सोडून तिची फुप्फुसं वाढवली, जन्मापासून डायलिसिस, २०१६ मध्ये वडिलांची किडनी बसवली. त्यावर मग रीतसर अभ्यास झाला, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अठरा गर्भवतींना असं पाणी दिलं. सतरा बाळं जिवंत जन्मली, चौदा दोन आठवडे पार करून डायलिसिसपर्यंत पोचली, घरी गेली सहा. मॅडमनी हे आकडे कागदावर एकाखाली एक लिहून त्याच्यापुढे ठेवले. सल्ला दिला नाही. त्याने 'सहा' वर बोट ठेवलं, मग 'अठरा' वर. दोघांनी काय ठरवलं होतं ते मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नव्हता.

मग मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही दोघं झोपा टेबलावर. एकेकाने." अशा बाळाच्या आईवडिलांत किंवा भावंडांत एखाद्याला एकच मूत्रपिंड असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि त्याला ते माहीत नसतं. १९८४ मध्ये अमेरिकेत अशा कुटुंबांची तपासणी झाली, तेव्हा आईवडील आणि भावंडांपैकी साडेचार टक्के तसे निघाले. पुढच्या खेपेचा अंदाज बांधायला हे उपयोगी पडतं.

आधी ती. दोन्ही आहेत. मग तो, शर्ट वर करून, पोट आत ओढून. मावशींनी जेली लावली तेव्हा एवढा मोठा माणूस गुदगुल्या होऊन कळवळला आणि त्याची बायको कित्येक दिवसांनी हसली असावी, कारण हसल्यावर ती स्वतःच गप्प झाली. उजवी दिसली. डावी बरगडीआड होती, कुशीवर वळवल्यावर दिसली. दोन्ही आहेत.

"याचे वेगळे पैसे होतील का?" त्याने टेबलावरून उतरता उतरता विचारलं. मॅडमनी मान हलवली, नाही. बाहेरच्या मुलीने सवयीने त्याच्यासमोरही फॉर्म एफ सरकवला होता आणि त्याने नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला घेतलंही होतं. मावशींनी तो ओढून घेतला. "ह्यांना नाही लागत तो," त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला.