स्वयंपाकघरातील लॅमिनेट फरशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरातील सदरसारख्या जुन्या वस्तीत स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना लॅमिनेटचा विचार होतो, तेव्हा ही लाकडाचीच फरशी आहे असे अनेकदा गृहीत धरले जाते. वस्तुतः लाकडाचे तंतू राळेसह दाबून केलेला ‘एचडीएफ’ नावाचा घट्ट गाभा, त्यावर लाकडी रेषा छापलेला कागद, त्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर आणि पट्टी वाकू नये म्हणून तळाशी समतोल राखणारा थर, अशी तिची रचना असते. स्वीडनमधील पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये ती विकसित केली.

दुकानात ‘एसी ४’, ‘एसी ५’ हे अंक दाखवले जातात आणि अंक जितका मोठा तितकी फरशी पाण्याला टिकणारी, असा समज ग्राहक करून घेतो. प्रत्यक्षात हा अंक पृष्ठभाग किती झिजतो याची प्रतवारी आहे. पाणी पृष्ठभागातून नव्हे, तर दोन पट्ट्यांच्या सांध्यातून आणि भिंतीकडील उघड्या कडेतून गाभ्यात शिरते, आणि एकदा फुगलेला गाभा वाळल्यावरही मूळ आकाराला येत नाही. म्हणून ८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर जाडी घेतल्याने हा धोका टळत नाही. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दामागेही बहुधा काही ठराविक तासांपुरती हमी असते, आणि बादलीने फरशी धुण्याच्या आपल्याकडील सवयीचा त्या हमीत विचार झालेला नसतो.

नागपूरची हवा कोरडी, तेव्हा दमटपणाची चिंता नको, हा समज सर्वांत महागात पडतो, कारण खरा प्रश्न दमटपणाच्या चढउताराचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना हवा अतिशय कोरडी असते, कुलर तीच हवा घरात दमट करून सोडतो आणि पावसाळ्यात दमटपणा टिकून राहतो. या फेऱ्यात पट्ट्या आकसतात व प्रसरण पावतात, त्यामुळे भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर मोकळी फट सोडून ती स्कर्टिंगने झाकावी लागते. बंद खोकी बसवण्यापूर्वी ४८ तास त्याच खोलीत ठेवणेही याचसाठी आवश्यक असते. जमिनीला न चिकटवता अंथरलेल्या अशा ‘तरंगत्या’ फरशीवर ओट्याखालची जड कपाटे उभी केली, तर तिची हालचाल अडते आणि सांधे उघडतात. कपाटे आधी, फरशी नंतर, हा क्रम म्हणूनच योग्य.

जुनी फरशी उखडावीच लागते, हेही खरे नाही. ती पोकळ वाजत नसेल आणि २ मीटरच्या सरळ पट्टीखाली साधारण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक खळगा नसेल, तर ओल रोखणारा पॉलिथिनचा कागद व त्यावर २ ते ३ मिलिमीटरचा फोम अंथरून काम होते. जाड फोम पायाला सुखद वाटला तरी पट्टी दबते आणि कुलपासारखे अडकणारे सांधे तुटतात. मात्र तळमजल्यावरील ज्या स्वयंपाकघरात मोरी आहे आणि भरलेला, म्हणजे सुमारे ३० किलोंचा, सिलिंडर जमिनीवरून सरकवला जातो, तेथे लॅमिनेटचा आग्रह धरू नये. चुनखडीची भुकटी व प्लॅस्टिकपासून केलेली एसपीसी फरशी किंवा साधी व्हिट्रिफाइड टाइल तेथे अधिक टिकते.