भौतिकोपचाराचे शिक्षण : अर्ज केव्हा करावा?

अस्थिभंगानंतर आखडलेला सांधा हालता करणे, पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातापायांना पुन्हा काम करावयास शिकविणे, ही भौतिकोपचारतज्ज्ञाची कामे होत. भारतात या व्यवसायाचे पदवीशिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होते. अमेरिकेतील व्यवस्था निराळी आहे. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी प्रशिक्षित केलेल्या स्त्रियांनी तेथे या व्यवसायाचा पाया घातला व १९२१ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली. पुढे शिक्षणाची पातळी उंचावत गेली. ओमाहा येथील क्रायटन विद्यापीठाने १९९३ मध्ये या व्यवसायात प्रवेश करणाऱ्यांसाठी डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. २०१५ च्या अखेरपर्यंत सर्व मान्यताप्राप्त विद्यालयांना हीच पदवी देणे बंधनकारक झाले. म्हणून तेथील विद्यार्थी सामान्यतः चार वर्षांची पदवी घेतो आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षे भौतिकोपचार शिकतो.

अर्ज केव्हा करावा हा प्रश्न या दोन टप्प्यांच्या सांध्यावर उभा राहतो. बहुतेक विद्यालयांचे अर्ज एका मध्यवर्ती सेवेमार्फत जातात. तिचे नवे सत्र जूनच्या सुमारास सुरू होते. निवड झालेला विद्यार्थी वर्गात बसतो तो बहुधा पुढील वर्षी. तेव्हा मध्ये खंड पडू द्यावयाचा नसेल, तर पदवीचे तिसरे वर्ष संपताच अर्ज करावा लागतो. शिवाय अनेक विद्यालये अर्ज येतील तसतसे विचारात घेतात व जागा भरत जातात. उशिरा आलेल्या चांगल्या अर्जालाही मग उरलेल्या थोड्या जागांसाठी झगडावे लागते.

तथापि, लवकर केलेला अर्ज म्हणजे अपुरा अर्ज नव्हे. गुणपत्रके पोहोचल्यावाचून अर्जाची तपासणी पुढे सरकत नाही. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रसायन, भौतिकी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांतील गुण प्रवेशसमिती पाहते. तज्ज्ञाच्या हाताखाली रुग्णांवरील उपचारांचे काही तास निरीक्षण केलेले असावे, अशीही अनेक ठिकाणी अपेक्षा असते.

दोन विद्यार्थ्यांची कल्पना करू. पहिल्याचे बहुतेक आवश्यक विषय पूर्ण झाले आहेत, गुण समाधानकारक आहेत. त्याने जूनमध्येच अर्ज करावा. थांबून त्याला काही मिळावयाचे नाही. दुसऱ्याचे भौतिकीचे शिक्षण अर्धे राहिले आहे, आणि त्याने पाहिले आहे ते केवळ खेळाडूंचे एक उपचारकेंद्र. त्याने एक वर्ष थांबून राहिलेले विषय नीट पुरे केले, रुग्णालयात व वृद्धांच्या शुश्रूषागृहात निरीक्षण केले, तर अर्ज बळकट होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे काम आपल्याला आयुष्यभर करावयाचे आहे काय, हे त्याला कळेल. तीन वर्षे आणि बहुधा मोठे कर्ज यांत गुंतण्यापूर्वी हे कळलेले बरे.

थांबण्यालाही किंमत असते. कमाई एक वर्षाने लांबते. काही विद्यालये फार जुने विज्ञानविषयांचे शिक्षण ग्राह्य धरीत नाहीत. जेथे जीआरई ही परीक्षा आवश्यक आहे, तेथे तिचे गुण पाच वर्षेच चालतात. उलटपक्षी, घाईने अनेक विद्यालयांकडे अर्ज केल्यास प्रत्येकाचे शुल्क भरावे लागते, व नकार आल्यास तो खर्च वाया जातो.

म्हणून विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आज माझ्या अर्जात नाही असे काय पुढल्या जूनमध्ये त्यात असेल? याचे उत्तर निश्चित शब्दांत देता आले, एखादा विषय, एखादे केंद्र, निरीक्षणाचे अमुक तास असे सांगता आले, तर थांबणे हा तयारीचाच भाग ठरतो. केवळ 'अधिक तयारी होईल' एवढेच उत्तर मिळत असेल, तर ती तयारी नसून भीती आहे असे समजावे व सत्र उघडताच अर्ज पाठवावा.