जनुकाचे वाहन

विदर्भातील आपल्या अनेक घरांना सिकलसेल म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. थंडीच्या रात्री हातापायांच्या वेदनांनी तळमळणारे मूल ज्यांनी पाहिले, ते आम्हांला एकच विचारतात : हा दोष मुळापासून जाईल का? दोष एका जनुकात आहे. निर्दोष जनुक पेशीत पोहोचविणे हा जनुकोपचाराचा एक मार्ग. पण ते न्यायचे कशातून?

विषाणू हे निसर्गसिद्ध वाहन. तथापि १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा युवक यकृताच्या आनुवंशिक विकारावरील चाचणीत दगावला. वाहक विषाणूविरुद्ध त्याच्याच शरीराने केलेला प्रतिकार जीवघेणा ठरला. तशा उपचारात माकडे मेल्याची माहिती त्याच्या संमतिपत्रात नव्हती, ही गोष्ट इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला अधिक बोचते.

दुसरे वाहन रासायनिक. १९९५ मध्ये फ्रान्समधील ज्याँ-पॉल बेर व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलिनइमाइन हे बहुवारिक वापरले. डीएनए ऋणभारित, हे धनभारित. दोघांचा सूक्ष्म गोळा होतो आणि पेशी तो गिळते. मात्र पेशीचे आवरणही ऋणभारितच. त्यामुळे जो भार जनुकाला धरून ठेवतो, तोच आवरण फाडतो. साखळी लांब केली की जनुक चांगले पोहोचते आणि विषारीपणाही वाढतो.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ या साखळीतच फेरफार करतात. काही अमाइन गटांना अ‍ॅसिटिल गट जोडला की धनभार घटतो. आश्चर्य असे, की प्रयोगशाळेतील पेशींत जनुक अधिक चांगले पोहोचले, बहुधा पकड सैल झाल्यामुळे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे कवच रक्तातील प्रथिनांना दूर ठेवते, पण दाट झाले तर पेशीत शिरणेही अवघड करते. आम्हांला सर्वांत भावते ती तिसरी युक्ती : आखूड तुकडे डायसल्फाइड बंधांनी जोडायचे. पेशीबाहेर हे बंध बरेचसे टिकतात. पेशीतील ग्लुटाथायोन ते तोडते, आणि मागे उरतात कमी विषारी तुकडे.

सिकलसेलसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेले दोन उपचार या मार्गाचे नाहीत. त्यांत रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून सुधारतात, तीव्र केमोथेरपी देतात व त्या परत सोडतात. किंमत २० लाख डॉलरहून अधिक. कुणी स्वस्तात ‘जनुक बदलून देतो’ म्हणाले, तर वाहन कोणते आणि संमतिपत्रात काय लिहिले आहे, हे पालकांनी विचारावे. तूर्त हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे आणि विवाहापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी करावी.